टर्बो-पेट्रोल गाडीला ऑईल कॅच कॅन: लावावा का, कुठे आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १.० लिटरची टर्बो-पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची, ४८,००० किलोमीटर चाललेली. आठवडाभर नाशिकमध्ये कॉलेज रोड ते सातपूर आणि सुट्टीला मुंबई नाहीतर वणी. एअर फिल्टर बदलताना इंटरकूलरची, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाची, नळी आतून तेलकट दिसली. मित्र म्हणाला, ऑईल कॅच कॅन (इंजिनातल्या वायूबरोबर येणारं ऑईल अडवणारा डबा) लावून टाक आणि त्याचं दुसरं तोंड खाली मोकळं सोड. ऑनलाईन दोन हजारांच्या आत कॅन मिळतोय. घ्यावा का, कुठल्या नळीवर बसवावा, घरी जमेल का?

तुमच्या गाडीला कॅच कॅन लावण्यात अर्थ आहे. पण तुम्ही पाहिलाय तो कॅन घेऊ नका, मित्र सांगतो तसा बसवू नका, आणि या दोन्हीच्या आधी इंजिन तपासून घ्या. गॅरेजला येणारे बहुतेक जण आधी कॅन विकत घेतात, मग जागा शोधतात आणि नळी कुठली ते सगळ्यात शेवटी विचारतात.

नळी कुठली हे कळायला वायू कुठून कुठे जातो ते बघावं लागेल. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळणाचा थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँक आणि ऑईल असतं त्या इंजिनाच्या तळाकडे, निसटतोच. हाच ब्लो-बाय. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांवरून खाली उतरतं. खाली क्रँक फिरतोय, ऑईल उडतंय, त्यामुळे ऑईलचे बारीक कणही या वायूत मिसळतात. हा वायू बाहेर पडला नाही तर दाब साचतो, सील ऑईल टाकायला लागतात आणि ऑईलचा चिखल होतो. जुन्या जीपांना यासाठी ब्लॉकच्या बाजूने खाली उतरणारी उघडी नळी असायची, रस्त्यावर थेंब टाकत जाणारी. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून आणि पुढे १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत, नव्या गाड्यांमध्ये हा वायू परत इंजिनातच ओढून जाळायची पद्धत आली. तिच्यातला मुख्य भाग म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह.

टर्बो गाडीत या वायूला दोन वाटा असतात, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. कसारा घाटाचंच उदाहरण घ्या. मुंबईहून येताना घाट चढताय, टर्बो पूर्ण बूस्ट देतोय. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांत, दाब आहे, म्हणून पीसीव्हीचा एकमार्गी व्हॉल्व्ह बंद. मग वायू टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदर नळीतून एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाईपात जातो. तिथून टर्बो, तिथून इंटरकूलर. परत जाताना तोच घाट गिअरवर, ॲक्सिलरेटर सोडून उतरताय. थ्रॉटल बंद, मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम. आता पीसीव्ही उघडा आणि चेंबरमधला वायू थेट मॅनिफोल्डमध्ये ओढला जातोय. त्याच वेळी ब्रीदर नळी उलटी चालते आणि फिल्टरमधली स्वच्छ हवा इंजिनाच्या पोटात जाऊन आतली वाफ धुऊन काढते. शहरात सिग्नलला उभे असताना किंवा सावकाश चालवताना हीच दुसरी वाट चालू असते.

म्हणजे तुम्हाला इंटरकूलरच्या नळीत दिसलेलं ऑईल ब्रीदरच्या वाटेने आलेलं आहे. पीसीव्हीच्या नळीवर कॅन लावलात तर ते थांबणार नाही, आणि चार महिन्यांनी तुम्ही म्हणाल की कॅन बोगस आहे. उलट इनटेक व्हॉल्व्हच्या मागे जो काळा थर बसतो त्याला दोन्ही वाटांचं ऑईल जबाबदार असतं, आणि रोजच्या शहरातल्या चालवण्यात पीसीव्हीचा वाटा मोठा. म्हणून टर्बोला काम पूर्ण करायचं तर दोन्ही नळ्यांवर करायचं: दोन लहान कॅन, किंवा आतून दोन वेगळे कप्पे असलेला एक. पैशाची अडचण असेल तर तुमच्या चालवण्याकडे बघून मी पीसीव्हीची बाजू आधी करीन. इंटरकूलरमधला ऑईलचा पातळ थर सहसा काही बिघडवत नाही. बोट फिरवल्यावर ओलसर लागणं चालतं. नळी काढल्यावर ऑईल ओघळत असेल तर मात्र ते ब्रीदरचं नसून टर्बोच्या सीलचं असू शकतं. तिथे कॅन लावून उपयोग नाही.

तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे म्हणूनच मी हो म्हणतोय. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतं आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. तिथे चांगल्या इंजिनाला कॅच कॅन म्हणजे बॉनेट उघडल्यावर मित्रांना दाखवायची वस्तू. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला धुणारं कोणी नाही, आणि वरून आलेलं ऑईल तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून चिकटतं. शिवाय लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोर लावला तर सिलिंडरमध्ये शिरलेला ऑईलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. हा ठोका पिस्टन फोडू शकतो. यावर पहिला उपाय कॅन नाही, योग्य ऑईल आहे. याच त्रासासाठी एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला. डब्यावर एसपी लिहिलेलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑईल वापरा. कॅन त्यानंतर. आणि आधीच बसलेला थर कॅन काढत नाही. तो काढायचा तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करावा लागतो.

आता इंजिन तपासणं. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट डिपस्टिक. सर्व्हिसला ऑईल वरच्या खुणेच्या वर भरलं असेल तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमधून धो धो ऑईल येतं. पातळी आपोआप वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल तर छोट्या फेऱ्यांमुळे ऑईलमध्ये पेट्रोल उतरतंय. कॉलेज रोड ते सातपूर एवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे हे होतं. अशा वेळी ऑईल लवकर बदला. मग इंजिन गरम असताना, आयडलवर, ऑईल भरायचं झाकण सैल करून बघा. हलकंसं ओढल्यासारखं वाटलं तर ठीक. झाकण उडायला लागलं, फुसफुसत धूर आला तर रिंगांची किंवा पीसीव्हीच्या पडद्याची तक्रार आहे. मग कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीक-डाऊन (आत भरलेली हवा किती गळते) टेस्ट करून घ्या. कॉम्प्रेशनमध्ये चारही किंवा तीनही सिलिंडरांतला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. लीक-डाऊनमध्ये गळती २० टक्क्यांच्या वर गेली तर कॅनचे पैसे इंजिनाच्या कामासाठी ठेवा.

व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुस्तकात आयडलला १८ ते २० इंच पारा लिहिलेला असतो तो समुद्रसपाटीचा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, इथे काटा दोनेक इंच कमीच दाखवणार. एवढ्यावरून इंजिन खोलायला सांगणारा भेटला तर दुसरीकडे जा.

कॅनची निवड. रिकामा डबा, दोन नळ्या आणि बाहेरून चकचकीत ॲनोडाईझ: दोन हजारांच्या आत बहुतेक हेच मिळतं. यात वायू एका तोंडाने येतो, दुसऱ्याने निघून जातो, ऑईलसकट. उकळत्या भाताच्या वाफेवर थंड ताट धरलं की पाणी जमतं, तसं ऑईल आणि पाणी जमायला वायूला थंड पृष्ठभाग मिळावा लागतो, वाट वाकडी असावी लागते, वेग कमी व्हावा लागतो. म्हणून आत आडव्या पट्ट्या आणि स्टेनलेस जाळी किंवा ब्राँझचा सच्छिद्र फिल्टर हवा. ऑईलचे कण मायक्रॉनच्या मापाचे असतात, जाळीशिवाय ते पकडले जात नाहीत. आत येणारी नळी जाळीच्या खाली आणि बाहेर जाणारी वर, एवढं तरी झाकण उघडून बघून घ्या. काही जण रिकाम्या डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. तिचे तुकडे सुटून मॅनिफोल्डमध्ये जातात. कृपा करून हा जुगाड करू नका.

डिझेलवाल्यांसाठी एक वाक्य, कारण हा प्रश्नही नेहमी येतो: तिथे वाट एकच, ऑईल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून टर्बोच्या तोंडाशी, आणि ऑईल ईजीआरच्या (जळलेला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) काजळीत मिसळून डांबर बनतं, त्यामुळे कॅनचा उपयोग आहे, पण भरलेला कॅन उलटला तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन चावी बंद केली तरी पळत सुटू शकतं, म्हणून मॅन-हुमेलच्या प्रोव्हेंटसारखा, फिल्टर चोंदला तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेला कॅनच घ्यावा.

नळ्यांवर कॅनइतकाच खर्च करा. रेडिएटरची नळी दिसायला जाड, मजबूत, पण ती ईपीडीएम रबराची असते. ऑईल लागलं की फुगते आणि मऊ पडते. निळी-लाल सिलिकॉन नळी, आतून फ्लोरो अस्तर नसेल तर, काही महिन्यांत बाहेरून ओली दिसायला लागते. ऑईल-पेट्रोलला चालणारी नायट्राईल नळी घ्या. आतला व्यास मूळ नळीपेक्षा कधीही कमी नको, इकडे जेमतेम पाऊण इंच असेल तिथे अर्धा इंच घालून भागत नाही. पीसीव्हीच्या बाजूला व्हॅक्यूमने नळी चपटी होते, तिथे आत विणलेली किंवा तारेची नळी हवी. कुठेही खाली झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी आणि ऑईल साचून बूच बसतं आणि दाब चेंबरमध्ये अडकतो. टर्बोतून परत येणारं ऑईल फक्त उतारावर, स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये पडत असतं. चेंबरमध्ये दाब वाढला की ते मागे थांबतं आणि टर्बोच्या सीलमधून निळा धूर निघतो. मग लोक टर्बो बदलतात.

मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह काढायचा नाही. तो वायूचं प्रमाण सांभाळतो आणि मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला तर ज्वाला चेंबरपर्यंत जाऊ देत नाही. कॅन मूळ नळीच्या मध्येच, मूळ दिशेने. तुमच्या गाडीत पीसीव्ही टॅपेट कव्हरला लावलेला असेल तर कॅन त्याच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला येईल. म्हणजे कॅनच्या पोटात मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम असेल. झाकणाची ओ-रिंग, पातळी बघायची काडी, खालचा कॉक, यातलं काहीही सैल असलं तर गाडी तिथून हवा घेणार. ही हवा मोजलेली नसते, मिश्रण पातळ होतं, आयडल हलतं, मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ कोड स्कॅनरवर येतो. काही इंजिनांत सेपरेटर आणि व्हॉल्व्ह कव्हरमध्येच साच्यात बसवलेले असतात आणि बाहेर नळीच दिसत नाही. तिथे त्या इंजिनासाठी बनवलेली ॲडॅप्टर प्लेट मिळाली तरच काम करा, कव्हरला भोक पाडून निप्पल बसवू नका.

जागा टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या उष्णतेपासून दूर, हाताला पोचेल अशी, कॉकखाली बाटली धरता येईल अशी. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली कॅन इतका तापतो की पकडण्यापेक्षा सोडतोच जास्त, म्हणून हेडलाईटच्या मागे वारा लागेल अशी जागा बघा. ब्रॅकेट गाडीच्या बॉडीला, रबर वॉशर घालून. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, त्यामुळे नळीला थोडी ढील हवी. प्लॅस्टिकच्या निप्पलवर स्क्रूची क्लिप आवळून आवळून निप्पल तडकवणारे पुष्कळ आहेत. तिथे स्प्रिंगची क्लिपच लावा.

बसवून झाल्यावर गाडी चालू करून ऐका. शिट्टीसारखा आवाज म्हणजे कुठेतरी हवा घेतेय, जोडांवर साबणाचं पाणी मारून बघा. व्हॅक्यूमच्या बाजूला फुगा येत नाही, उलट पाणी आत ओढलं जातं हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं. कॅन बसवण्याआधी आणि नंतर स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) लिहून ठेवा. आधी दोन-तीन टक्के होता आणि नंतर दहाच्या वर गेला तर काम परत करा. चेंबरचा दाब मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात थोडं पाणी, एक टोक डिपस्टिकच्या पाईपाला घट्ट. आयडलला पाणी डिपस्टिकच्या बाजूला चढलं पाहिजे, म्हणजे चेंबरमध्ये हलका व्हॅक्यूम आहे. उलट्या बाजूला चढलं तर नळ्या श्वास कोंडतायत. हे दोन माणसांचं काम आहे, हात चालत असेल तर घरी होईल. तुमचं तसं नसेल तर नळ्या घेऊन गॅरेजला जा.

पहिल्यांदा ५०० किलोमीटरला उघडून बघा, मग साधारण १,००० ला. अर्ध्याच्या वर कधी भरू देऊ नका. पूर्ण भरलेला कॅन घाटाच्या वळणावर अख्खा घोट मॅनिफोल्डमध्ये ओततो. कॉक फक्त इंजिन बंद असताना उघडायचा. चांगल्या इंजिनात हजार किलोमीटरला दोन-चार चमचे निघतात. शंभर मिलीलीटर निघालं तर कॅन छान काम करतोय म्हणून खूश होऊ नका, इंजिनाकडे बघा. समृद्धीने जात असाल तर वेगळा हिशोब. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमने टप्पा सुरू झाल्यापासून घाट टळतो खरा, पण तासभर सलग १२० ने पळवलं की उंच आरपीएममुळे ऑईल जास्त येतं. त्या प्रवासानंतर एकदा बघत जा.

डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात त्या दिवसांत, कॅनमधून कॉफीत दूध घातल्यासारखं पांढुरकं पाणी निघेल, आणि उन्हाळ्यापेक्षा बरंच जास्त. ते वाफेचं पाणी आणि ऑईल मिसळून झालेलं असतं. हे बघून हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरवणारे आहेत. कूलंटची पातळी जागेवर असेल, डिपस्टिकवर पांढरं नसेल, तर गॅस्केटला काहीही झालेलं नाही. निघालेलं हे पाणी-ऑईल परत चेंबरमध्ये ओतायचं नाही, त्यात आम्ल आणि पेट्रोल असतं. गटारात तर नाहीच, तिथून ते गोदावरीत जातं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा आणि ऑईल बदलायला जाल तेव्हा गॅरेजच्या ड्रममध्ये ओता, तो पुढे परवानाधारकाकडे जातो.

मित्राच्या मोकळं तोंड सोडायच्या सल्ल्याबद्दल. शर्यतीच्या गाड्यांत कॅच टँक असतो तो ट्रॅकवर ऑईल सांडू नये म्हणून. त्या इंजिनाचं ऑईल प्रत्येक शर्यतीनंतर बदलतात. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत चेंबरचा वायू बाहेर सोडायला नियमाने मुभाच नाही. पीयूसीच्या मशीनला हे कळत नाही, ते फक्त सायलेन्सरचा धूर बघतं, म्हणून लोकांना वाटतं चालतं. पण या वायूत बेंझीन असतं आणि तो बॉनेटखालून एसीच्या हवेबरोबर गाडीत येतो, मागच्या सीटवरच्या पोरांपर्यंत. इंजिनालाही ते बरं नाही. व्हॅक्यूमने वाफ ओढून घेणं बंद झालं की ती आतच जिरते आणि झाकणाखाली पिवळा चिखल साठतो. शिवाय मॅनिफोल्डचं निप्पल उघडं राहिलं तर गाडी आयडललाच धरणार नाही. काही गाड्यांत ब्रीदर सुटला की चेक इंजिनचा दिवाही लागतो.

वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. इंजिनाचा क्लेम आला की पहिलं बोट या कॅनकडे जाणार. आणि मूळ नळ्या कापू नका. मूळ नळ्या क्लिपांसकट काढून एका पिशवीत घालून डिकीत ठेवा, नवीन नळ्या वेगळ्या आणा. इगतपुरीला पावसात एखादा जोड सुटला तर पक्कड आणि दहा मिनिटं, एवढ्यात गाडी कंपनीसारखी करून घरी येता येतं.